विहीणबाईंचं पायाभरणीचं वर्ष

इंग्रजी वाङ्मय जगात दोनच माणसांनी मनापासून वाचलं असेल. एक ज्याने ते लिहिलं त्याने, आणि दुसरं माझ्या विहीणबाईंनी. पहिल्याबद्दल मला खात्री नाही. विहीणबाईंबद्दल आहे, कारण गेलं अख्खं वर्ष मी त्यांच्याबरोबर कॅनडातल्या कनाटा नावाच्या गावात एकाच घरात काढलं. त्या नागपूरच्या. छत्तीस वर्षं पोस्टात खिडकीवर बसल्या, निवृत्त झाल्या, लेकीने कॅनडाला बोलावून घेतलं. मला माझ्या लेकाने बोलावलं. तो त्यांचा जावई, ती माझी सून. म्हणजे एका घरात दोन विहिणी. लोक म्हणाले, आता भांडी आपटणार. भांडी काही आपटली नाहीत, कारण विहीणबाई स्वयंपाकघरात भांडी घासायला येतच नसत, पुस्तक घेऊन येत. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी विद्यापीठात नाव घातलं. एकदम पदवीला घेत नाहीत म्हणून आधी एक वर्ष फाउंडेशनचं. "म्हणजे पाया पक्का करायचा," त्यांनी मला समजावलं. घराचं छप्पर गळायला लागल्यावर पाया भरायला काढणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली, पण बोलले नाही. मी चौथी शिकलेली, आणि तशीही कमी बोलते.

विद्यार्थी झाल्यावर विहीणबाई विद्यार्थीच झाल्या. पाठीला निळी बॅग, गळ्यात ओळखपत्र. ते त्या देवाला फुलं वाहतानाही काढत नसत. म्युझियममध्ये गेलो तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर सून म्हणाली, "आई, सिनियरचं तिकीट स्वस्त आहे." विहीणबाईंनी ओळखपत्र काचेला चिकटवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "स्टुडंट!" बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर त्यांना राग यायचा. "विद्यार्थी उभेच असतात," म्हणत दांड्याला लटकायच्या, आणि बस वळली की माझ्या मांडीवर येऊन बसायच्या. वाचायच्या तर इतकं की कागद म्हणून दिसला की सुटका नाही. ग्रोसरीच्या दुकानाचं सेलचं पत्रक आलं की तीन रंगांच्या पेनांनी खुणा करायच्या. एकदा चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "'साठा असेपर्यंतच.' विहीणबाई, किती कारुण्य आहे हो यात!" मी म्हटलं, कारुण्य राहू द्या, कांदे स्वस्त आहेत का ते बघा.

त्यांच्या वर्गातली अठरा-अठरा वर्षांची मुलं आमच्या घराखालच्या बेसमेंटमध्ये अभ्यासाला यायची आणि विहीणबाईंना चक्क नावाने हाक मारायची. मी तर पदराआड तोंड लपवलं. एवढ्या वर्षांत ते नाव त्यांच्या यजमानांनीही घेतलं नसेल. विहीणबाईंना मात्र गुदगुल्या व्हायच्या. दारावरून हाक आली की त्या मुद्दाम पहिल्यांदा ओ देत नसत, म्हणजे दुसऱ्यांदा ऐकायला मिळे. मग त्या मुलांना साबुदाणा वडे, आणि वड्याबरोबर बोलणी: "काय करून राहिला रे तू? धडा वाचला नाही अन् आला तोंड वर करून!" हे नागपुरी मराठीत. मुलं माना डोलवायची. शिव्या कळत नसल्या तरी वडे कळत होते.

पण खरी मजा हिवाळ्यात. विहीणबाईंची अभ्यासाची पद्धत एकच, पाठांतर. नागपूरला त्या पहिल्या आल्या त्या पाठांतरावर, पोस्टाच्या परीक्षा काढल्या त्या पाठांतरावर. इथे त्यांनी त्याला बर्फाची जोड दिली. घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायचा म्हणजे एक ओळ म्हणायची, एक फावडं मारायचं. गाडीपासून रस्त्यापर्यंत एक परिच्छेद पाठ. बर्फ जास्त पडला की अभ्यास पुढे जायचा. समोरच्या घरातले म्हातारे गोरे गृहस्थ एकदा मदतीला धावले, तर विहीणबाईंनी फावडं उगारून त्यांना थांबवलं, कारण परिच्छेद अर्धा राहिला होता. ते बिचारे बरेच दिवस आमच्या बाजूच्या फुटपाथने चालत नसत.

आणि याच पाठांतराने घात केला. वर्षाच्या अखेरीला एका कादंबरीवर मोठा निबंध घरून लिहून द्यायचा होता. तो पास, तर वर्ष पास. वर्ष पास, तर पदवीचं दार उघडं. विहीणबाईंनी निबंध दिला आणि आठ दिवसांनी विद्यापीठाचं पत्र आलं की निबंध चोरीचा आहे, येऊन भेटा. कादंबरीवर कुणा विद्वानाने लिहिलेली पानंच्या पानं त्यात जशीच्या तशी निघाली होती.

"चोरी?" विहीणबाई मटकन खाली बसल्या. "मी? अहो, पोस्टात दुसऱ्याची पाकिटं छत्तीस वर्षं हाताळली, एक उघडलं नाही!" मग माझा हात धरून म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही चला माझ्यासंगं. पोरीला सांगायचं नाही. काढून टाकलं तर ती म्हणेल, सांगितलं होतं ना, या वयात कशाला."

म्हणून मी गेले. टेबलापलीकडे केस बारीक कापलेल्या तरुण बाई, म्हणजे विहीणबाईंच्या प्रोफेसर, आणि टाय लावलेले एक साहेब. बोलणं मला विहीणबाईंनी नंतर बसमध्ये सांगितलं, पण चेहरे मी तिथेच वाचले. विहीणबाई उठल्या, हात मागे बांधले, डोळे मिटले, आणि त्या विद्वानाचं पुस्तक पहिल्या पानापासून धडाधड म्हणू लागल्या. प्रोफेसरबाईंनी पुस्तक उघडून बोट फिरवायला सुरुवात केली. तीन पानं झाली, एक शब्द इकडचा तिकडे नाही. साहेब म्हणाले, मग झालंच सिद्ध, ही कॉपी आहे.

"कॉपी बघून करतात!" विहीणबाई कडाडल्या. "मी न बघता लिहिलं!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. प्रोफेसरबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. शेवटी ठरलं ते असं. फसवायचा हेतू दिसत नाही, म्हणून दहा दिवस आणि एकच संधी. नवा निबंध लिहा, त्यात तुम्हाला काय वाटतं ते लिहा, आणि दुसऱ्या कुणाचा विचार घेतलात तर त्याचं नाव द्या.

चार दिवस विहीणबाई कोऱ्या कागदासमोर बसून होत्या. पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटत असताना येऊन ओट्याला टेकल्या. बॅग नव्हती, ओळखपत्रही नव्हतं. "मला काही वाटतच नाही हो," त्या म्हणाल्या. "खिडकीवर लोक तिकिटं मागत, मी देत होती. तुला काय वाटतं, असं कुणी विचारलंच नाही कधी."

मी म्हटलं, गोष्ट तरी सांगा. तर ती एका विधवेची गोष्ट. समुद्राकाठी एकटी राहते, आणि रोज संध्याकाळी मेलेल्या नवऱ्याचे बूट पुसून दाराबाहेर ठेवते. "विद्वान म्हणतात, बूट हे तिच्या दुःखाचं प्रतीक आहे," विहीणबाईंनी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

"दुःख कसलं?" माझ्या तोंडून निघून गेलं. "आमचे हे गेल्यावर मी यांच्या चपला दोन वर्षं दाराबाहेर ठेवत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात माणूस आहे."

विहीणबाई सरळ झाल्या. "चूक आहे तुमचं! तसं असतं तर नुसते ठेवले असते. रोज पुसते कायले?"

"धूळ बसली तर कळेल ना, कुणी घालत नाही म्हणून."

मी पोळी उलटली. एकदम त्यांनी माझं मनगट धरलं, उलथण्यासकट. "पण ती बुटात रोज धुतलेले मोजे ठेवते हो! बाहेरून मोजे कुणाले दिसतात?"

मी विचार केला. मग म्हटलं, "ते मात्र दुःखच."

पोळी करपली. विहीणबाई माझं मनगट सोडून, हाताला लागलेल्या पिठासकट बेसमेंटकडे धावल्या. पुढचे पाच दिवस त्या दर तासाला वर यायच्या, माझ्याशी भांडायच्या आणि खाली जायच्या. कादंबरीतल्या विधवेने तिला मागणी घालणाऱ्या डॉक्टरशी लग्न का केलं नाही, यावर तर आम्ही दोघी एक दिवस अबोला धरून होतो. सुनेला वाटलं, अखेर विहिणींचं बिनसलं.

निबंध पास झाला. वर्ष पास झालं. तेव्हा कुठे घरात सगळं सांगितलं. लेकीने आईला मिठी मारली आणि मग अर्धा तास रागावली. विहीणबाईंनी निबंधाचं शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. तिथे ज्यांचे विचार घेतले त्यांची यादी होती. विद्वान तीन, आणि चौथ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत माझं नाव, पुढे आणखी काहीतरी. आम्हा दोघींच्या नातीने वाचून दाखवलं, "कॉन्व्हर्सेशन, किचन, कनाटा. आजी, यू आर अ सोर्स!" मी लाजून गॅस बारीक केला. गॅसवर काही नव्हतं.

सप्टेंबरात विहीणबाई मॉन्ट्रियलला गेल्या, तिथल्या विद्यापीठात पदवीला. होस्टेलमध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलीबरोबर राहतात आणि तिला सकाळी पाचला उठवतात. रविवारी फोन येतो. नव्या कादंबरीची गोष्ट अर्धी सांगतात आणि विचारतात, "बोला, काय वाटतं?" मी काहीतरी सांगते. फोनवर त्या "बरोबर, बरोबर" म्हणत लिहून घेतात, कारण त्यांना अभ्यासाला बसायची घाई असते. मला आता पुष्कळ वाटतं. पोळ्या लाटताना तर फारच वाटतं. पण ओट्याला टेकून "चूक आहे तुमचं!" म्हणणारं कुणी नसलं, की वाटलेलं तिथेच राहतं, आणि पोळ्या एकसुद्धा करपत नाहीत.