सगळ्यांना सगळं मोकळं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मी एकदा सांगायला लागले की मध्ये थांबत नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. कधी एक पायरी गाळली नाही आणि कुणाला गाळू दिली नाही. तर त्या मी, म्हणजे तुमच्या या सुलभाताईंनी, पोटच्या पोराच्या लग्नाचा कसा खेळखंडोबा करून ठेवला होता, ते ऐका.

रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी प्रोग्रामिंग शिकले. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण इथे हिंदी मुलखात, फ्रीगंज भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा दरवर्षी वधू-वर मेळावा असतो आणि त्याची परिचय-पुस्तिका आमचे सेक्रेटरी पुराणिकसाहेब हाताने जुळवायचे. एका वर्षी त्यांनी एका मुलाच्या नावावर मुलीचा फोटो छापला होता. यंदा मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "मी प्रोग्राम लिहिते. बटण दाबलं की पुस्तिका तयार."

खरी गोष्ट वेगळीच होती. माझा चिन्मय चौतीस वर्षांचा. कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, स्वभावाने गाय. देवासची एक मुलगी होती, मुक्ता नावाची. तिच्याकडून निरोप आला होता, "मेळाव्याला येतो, पुस्तिकेत माहिती बघतो, मग बोलू." तीन वर्षांत कुणी इतकं पुढे आलेलं नव्हतं. म्हणून चिन्मयची माहिती मी स्वतः बसून लिहिली होती. मनमिळाऊ, वाचनाची आवड, घरकामात मदत करतो. छान लिहिली होती हो.

शनिवारी चार वाजता पुस्तिका छापायला द्यायची, रविवारी मेळावा. शनिवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसात बसून मी नमुना काढला, तर सगळी जोडाक्षरं फुटलेली. त्र्यंबक नावाच्या मुलाचं नाव असं दिसत होतं की वाचताना ठसका लागावा. शोधल्यावर कळलं, माझा प्रोग्राम ज्या पॅकेजवर, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तयार सॉफ्टवेअरवर चालतो, ते जुनं झालंय, नवीन घ्यायला हवं. घेते, त्यात काय?

कमांड दिली. कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही.

म्हटलं, नजरचुकीने म्हणाला असेल. परत दिली. परत तेच. भानगड अशी होती की पॅकेजचं फोल्डर ज्याने कॉम्प्युटर बसवून दिला त्याच्या मुख्य खात्याच्या मालकीचं होतं, आणि मी बसले होते माझ्या साध्या खात्यात. मुख्य खात्याचा पासवर्ड पुराणिकसाहेबांच्या डायरीत होता, तो मिळाला. पण आता करायचं काय? इंटरनेटवर विचारलं. एका सज्जन माणसाने नीट समजावून लिहिलं होतं, फोल्डरला हात लावू नका, आपल्या प्रोग्रामसाठी वेगळी जागा करा आणि पॅकेज तिथे घ्या. सहा ओळी होत्या. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी एकच ओळ लिहिली होती. आत जे काही आहे ते सगळ्यांना मोकळं करा, वाचा, लिहा, काय वाटेल ते करा.

घड्याळात साडेदहा. तुम्ही कुठली ओळ घेतली असती? मी तीच घेतली. त्या ओळीखाली आणखी चार जणांनी "कृपया असं कधीही करू नका" असं लिहिलं होतं, ते मी सोमवारी वाचलं.

आणि मी ती ओळ चालवली कुठे? पॅकेजच्या फोल्डरवर नाही, त्याच्या एक पायरी वर, मंडळाच्या अख्ख्या फोल्डरवर. त्यातच सगळ्या मुलामुलींची माहिती. पण पॅकेज झटक्यात अपडेट झालं, त्र्यंबक ठणठणीत उभा राहिला, आणि मी पुराणिकसाहेबांना म्हटलं, "बघा, याला म्हणतात टेक्नॉलॉजी."

"हो ताई, मान गए," म्हणाले बिचारे.

अकरा वाजल्यापासून मुलंमुली आपापली माहिती तपासायला येणार होती. त्यांच्यासाठी कॉम्प्युटरवर एक वेगळं खातं होतं, त्यातून फक्त बघता यायचं, बदलता यायचं नाही. माहिती आईवडिलांनी भरलेली, मुलांनी फक्त आपला फोटो आपलाच आहे ना एवढं बघायचं. मी बाहेर व्हरांड्यात पोहे खात बसले. आतून येणारं प्रत्येक पोर हसत येत होतं. एकेक जण दहा-दहा मिनिटं आत. मला वाटलं, मन लावून वाचतायत. शिक्षिकेला असं काही दिसलं की भरूनच येतं.

चिन्मयही जाऊन आला. म्हटलं, "सगळं बरोबर आहे ना रे?"

"आता बरोबर आहे," म्हणाला.

'आता' म्हणाला तो. गणिताच्या पेपरात असला शब्द मी कधी सुटू दिला नसता.

साडेतीनला बटण दाबलं. त्र्यंबकाचं पान उघडून बघितलं, सुंदर. बाकी पानं कशाला बघायची, सकाळी तर बघितली होती. पाठवून दिलं. छापखान्यातून फोन आला, "मॅडम, फाइल मिल गई, सुबह नौ बजे उठवा लेना. जय महाकाल." मी घरी जाऊन गाढ झोपले.

रविवारी हॉल गच्च भरला. पुस्तिका वाटल्या. पहिली पाच मिनिटं सगळे पानं उलटत होते. मग दुसऱ्या रांगेतून एका वहिनींचा आवाज आला, "अगं, हे काय लिहिलंय?"

त्यांच्या मुलीपुढे त्यांनी 'गृहकृत्यदक्ष' असं भरलं होतं. छापलेलं होतं, 'चहा येतो. बाकी दोघांनी मिळून शिकू.'

मी पुस्तिका उघडली. 'उंची पाच फूट दहा इंच' होती तिथे 'पाच सात, बूट घालून पाच आठ'. 'निर्व्यसनी' खोडून 'गुटखा सोडतोय, तिसरा महिना चालू'. 'शास्त्रीय संगीताची आवड'च्या जागी 'ही आवड आईला आहे'. 'एकत्र कुटुंबाची ओढ' असलेल्या मुलीची ओढ एका दिवसात पार ओसरली होती. पानामागून पान, सगळी पोरं पोटातलं बोलून मोकळी झाली होती.

पुराणिकसाहेब घाम पुसत आले. "सुलभाताई, ये आपने क्या छपवा दिया?" माणूस घाबरला की हिंदीत बोलतो.

पण मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. मी पान एकेचाळीस शोधत होते. माझा चिन्मय.

'केस कमी होत आहेत, फोटो जुना आहे. भांडत नाही, कारण आईपुढे सराव मिळाला नाही. आई रिटायर झाल्यापासून प्रोग्रामिंग करते, त्यामुळे घरातलं इंटरनेट दोनदा बंद पडलं आहे. पण ती मनाने फार चांगली आहे. तिच्याशी जमवून घेईल अशी मुलगी हवी, बाकी माझं काहीच म्हणणं नाही.'

सांगा, रडू की हसू? देवासची मंडळी चौथ्या रांगेत बसली होती आणि मुक्ता नेमकी मान खाली घालून वाचत होती. मी धावले. म्हटलं, "अहो, ही प्रत जरा खराब आली आहे, मी दुसरी देते." तिची आई म्हणाली, "असू दे हो, आमचं एकेचाळीसपर्यंत वाचून झालंय."

संपलं, म्हटलं. तीन वर्षांची मेहनत माझ्याच हाताने क्षिप्रा नदीत सोडली. मी ऑफिसात जाऊन खुर्चीत बसले आणि खरंच डोळ्यांना पदर लावला. एवढ्यात मुक्ता आत आली.

"काकू, प्रोग्राम तुम्हीच लिहिलात ना? मग सगळ्यांना माहिती बदलता कशी आली?"

मी सगळं सांगितलं. ती इंदूरला कंपनीत हेच काम करते, हे मला माहीत होतं, म्हणून तर आणखी लाज वाटत होती.

"कमांड काय दिली होती?"

मी हळूच सांगितली. तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "म्हणजे फोल्डर आत्ताही उघडंच आहे?"

आम्ही दोघींनी मागे वळून बघितलं. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे पाच-सहा बापांची रांग लागली होती. एक जण मुलाची उंची परत पाच दहा करत होते. म्हटलं, "अहो, आता छापून झालं." ते म्हणाले, "कुछ तो रेकॉर्ड में रहे."

मुक्ताने त्यांना नमस्कार करून उठवलं आणि स्वतः बसली. आधी फोल्डर बंद केलं, सगळी माहिती माझ्या खात्याच्या मालकीची केली, बाकीच्यांना फक्त बघण्यापुरतं ठेवलं. मग त्या सज्जन माणसाच्या सहा ओळी, म्हणजे पॅकेजसाठी वेगळी जागा. आता अपडेट करताना कुणाची परवानगी मागायची गरजच नाही. दहा मिनिटांत काम झालं. चिन्मय चहा घेऊन दारात उभा होता.

"फोटो किती जुना आहे?" तिने मान वर न करता विचारलं.

"पाच वर्षं."

"इंटरनेट दोनदाच बंद पडलं?"

"तिसऱ्यांदा आज सकाळी पडलं. तोवर लिहून झालं होतं."

ती हसली. मी तिथून बाहेर पडले, तेवढी अक्कल मला आहे.

नंतर कळलं, त्या पुस्तिकेने हॉलमध्ये कमालच केली. दरवर्षी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची, यंदा एकमेकांना शोधत होती. गुटखा सोडणाऱ्याशी बोलायला दोन मुली गेल्या, एक तर डेंटिस्ट. पुराणिकसाहेब संध्याकाळी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "ताई, हे मुद्दाम केलं होतंत ना?" मी काय म्हणणार? हो म्हटलं.

गुरुवारी देवासची मंडळी आमच्या घरी बोलणी करायला आली. चहापोहे झाले. मुक्ताचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आमच्या मुलीची एकच अट आहे." वेगळं राहायचं असेल? इंदूरला बदली मागायची असेल? मी चिन्मयकडे बघितलं, तोही पांढरा पडला होता.

"घरातल्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड तिच्याकडे राहील," ते म्हणाले. "लग्नाला तुमचा होकार आहे ना?"

"आहे, आहे, अगदी मनापासून आहे," मी म्हणाले, आणि एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या बशीतली शेव हलली.

चिन्मय माझ्या कानाशी वाकला. "आई, मुलाला विचारलं होतं गं."