फुकटातलं गेट

महापालिकेच्या निवडणुकीआधीचा दुसरा रविवार. विषय एकच : एक लाख ऐंशी हजारांचं आपोआप उघडणारं गेट. जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या छत्तीस सभासदांपैकी एकतीस हजर, शिवाय दाराशी उभे आमचे दोन वॉचमन. मी खजिनदार.

गेट एक उमेदवार फुकट बसवून देणार होते. कॅमेरा गाडीचा नंबर वाचणार, दांडा वर होणार. मग दोन्ही वॉचमन नकोत. दोघांचा महिन्याचा पगार अठ्ठावीस हजार, म्हणजे फ्लॅटमागे सातशे अठ्ठ्याहत्तर रुपये वाचणार. एवढं वाचून दाखवून मी खाली बसलो.

माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले भाऊ उठले. न्हावा शेवा बंदराच्या गेटवर बावीस वर्षं ते येणाऱ्या कंटेनरचे नंबर उतरवून घेत. मग तिथे कॅमेरे बसले आणि भाऊंना लवकर निवृत्ती घ्यावी लागली.

"हे गेट देणाऱ्या साहेबांच्या पक्षाला मी सहा निवडणुका मत दिलंय," भाऊ म्हणाले. "आमच्याकडच्या कॅमेऱ्यांची फीत कापायला त्यांचेच नेते आले होते. टाळ्या वाजवायला मी सगळ्यांत पुढे. वाटलं, काम हलकं होईल. झालं. एवढं हलकं झालं की मीच उडालो."

लोक हसले. चेअरमन म्हणाले, "अहो भाऊ, फुकट मिळतंय. कशाला टेन्शन घेता?"

"फुकट कसलं? त्याचे पैसे हे दोघं भरणार. या वेळी माझं मत समोरच्यांना. ते म्हणतात, मशीन आणा, पण माणूस ठेवा."

"आणि ते ठेवणारेत?"

"नसतील ठेवणार. पण म्हणतात तरी!"

माझ्या मालवाहतुकीच्या ऑफिसातही सॉफ्टवेअर आलं. बिलं करणारे आम्ही पाच होतो, दोन उरलो. मी ते शिकलो, पगार चार हजारांनी वाढला, मत गेटवाल्या साहेबांच्याच पक्षाला राहिलं. ते मी विचार करून देतो असं समजत होतो. गेलेल्या तिघांत मी असतो तर आज भाऊंसारखंच बोललो असतो, हे त्या सभेत लक्षात आलं.

तरीही गेटसाठी हात वर केला. बाजूने वीस, विरुद्ध अकरा.

"साहेब, मग आमी कदीपासून यायचं नाय?" थोरल्या वॉचमनने मलाच विचारलं. गावी त्याच्या मुलीचं कॉलेज चालू होतं. मी महिनाअखेर म्हणालो.

जिन्यात भाऊंनी विचारलं, "तुमचं मत नेहमीचंच ना?"

"हो."

"द्या. तुमची नोकरी आहे अजून."

त्या वाक्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तिथूनच मागे फिरून मी चेअरमनना गाठलं. मागोमाग आलेले भाऊ वॉचमनना जाताना सहा महिन्यांचा पगार द्या म्हणत होते, चेअरमन एकाचा म्हणत होते. मी म्हटलं, गेटमुळे वाचणारे पहिले पैसे तरी या दोघांचेच.

शेवटी दोन महिन्यांचा ठरला : प्रत्येकी अठ्ठावीस हजार, एकूण छप्पन्न हजार, दोन्ही वॉचमनना चेकने दिले.