थोडं उजळ करा

मनमोहन तळपदे माणसांना कंटाळले होते, आणि पोट मात्र माणसांच्या चेहऱ्यांवरच चाललं होतं. गिरगावात खोताच्या वाडीलगत तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ते रंगीत पेन्सिलींनी हुबेहूब चेहरे काढायचे. बहुतेक मेलेल्यांचे. घरातलं कुणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगा नाहीतर जावई यायचा, मोबाइलमधला फोटो दाखवायचा आणि तेराव्याच्या आत हवं म्हणायचा. माणूस ऐंशी वर्षं समोर वावरला तेव्हा कुणाला सुचलं नाही, आता आठ दिवसांत त्याच्या भुवईचा केस न् केस हवा. हे ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे नाहीत. बायकोला, उर्मिलाला, ऐकवायचे, आणि ती म्हणायची, "लोकांनी आधी कळवून मरावं, अशी पाटी लावा दारावर."

पण खरा वैताग पुढेच असायचा. सगळं ठरवून, चपला पायात सरकवता सरकवता गिऱ्हाईक वळायचं आणि म्हणायचं, तेवढं थोडं उजळ करा.

ते करायचे. या धंद्याआधीची तीस वर्षं हिंदमाताजवळच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. निगेटिव्ह उजेडात धरायची आणि टोकदार शिसपेन्सिलीनं नवरीच्या गालावरचे खड्डे बुजवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. मोबाइल हेच काम फुकट करायला लागला तेव्हा स्टुडिओ बंद पडला. हात चालूच राहिला. त्यांचा पेन्सिलींचा डबा उघडला की सगळा हिशोब समोर यायचा. पीच, बदामी, फिकट गुलाबी यांची बोटभर थोटकं उरलेली. गडद तपकिरी, चॉकलेटी, काळपट तांबड्या पेन्सिली दुकानातून आणल्या तेवढ्याच लांब.

रमाबाई आल्या त्या एकट्या. हातात फोटो नव्हता.

"कुणाचं काढायचंय?" मनमोहननी विचारलं.

"माझं."

"काय झालंय तुम्हाला?"

"अजून काही नाही," रमाबाई म्हणाल्या आणि न सांगता स्टुलावर बसल्या.

अठ्ठ्याहत्तरीच्या होत्या. मूळच्या मालवणाकडच्या, आयुष्य गेलं नायगावच्या बीडीडी चाळीत. चाळ पडली, आता नव्या टॉवरमधल्या घराची चावी मिळाली होती. मुलानं, राजेशनं, बजावलं होतं की हॉलच्या भिंतीला दोनच खिळे मारायचे. एक बाबांच्या तसबिरीला आणि एक पुढेमागे आईच्या. तो दुसरा खिळा रमाबाईंच्या डोक्यात बसला होता. आपल्यामागे मुलगा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावेल, नाहीतर पुतण्याच्या लग्नात पार्लरवालीनं पीठ थापलं होतं तो. म्हणून चित्र आत्ताच, डोळ्यांदेखत हवं होतं. नंतर तपासायला मी येणार नाही, म्हणाल्या.

रमाबाई काळ्या होत्या. सावळ्या वगैरे नाही, काळ्या. कपाळावर पिकल्या जांभळाची असते तशी निळसर झाक. जशी आहे तशी काढा, एवढंच त्यांचं मागणं. मनमोहन खूश झाले. इतक्या वर्षांनी शहाणं गिऱ्हाईक आलं, असं त्या दिवशी उर्मिलाला म्हणालेसुद्धा.

ही खुशी तीन आठवडे टिकली. चित्र पुरं झालं. कपाळावरची प्रत्येक आठी जागेवर, नाकातली चमकी, कानाची ओघळलेली पाळी, सगळं. रमाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "ही माझी नणंद. ती गोरी होती आणि शिष्ट होती."

मनमोहननी दुसरा कागद घेतला. रंगीत पेन्सिलीत फिक्यावरून गडदाकडे जायचं असतं, थरावर थर चढवत. त्यांचा हात पहिले तीन थर झरझर चढवायचा आणि गव्हाळ रंगापाशी आला की अडेल बैलासारखा बसूनच जायचा. दुसऱ्या चित्रातली बाई गव्हाळ होती. मधेच राजेशचा फोन आला, की आई काही म्हणो, फायनल जरा फ्रेश ठेवा. मनमोहननी फोन ठेवला आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. तिसरं चित्र पाहून रमाबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली, तेव्हा मनमोहनांचा तोल गेला.

"काकी, मी आयुष्यभर हेच करतोय. आजवर एकानं तक्रार केली नाही."

"मेलेली माणसं कशी करतील?" रमाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी आलेय. अकरा वर्षांमागं माझ्या माणसाला तुम्हीच गोरा केलात, मास्तर."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. नवरा कुशाबा, गिरणीत बॉयलरवर होता. त्यांच्याहून काळा. तो गेला तेव्हा राजेशनं पासपोर्ट साइजचा फोटो इथेच आणून दिला होता, आणि चित्र तेराव्याला सकाळी घरी आलं. घर माणसांनी भरलेलं. सगळे म्हणाले, काय सुंदर. त्यांना वाटलं, रडून रडून आपल्याच डोळ्यांना काहीतरी झालंय. पंधरवड्यानं डोळे निवळले, चित्र तसंच.

"रोज फूल वाहते. रोज वाटतं, ह्यो माझो घोव न्हय. कुण्या बँकेतल्या साहेबाला वाहतेय."

स्वयंपाकघरात उर्मिलाची खोबरं खवणारी विळी थांबली. मनमोहन कुशाबा आठवायला लागले. नाक, भुवया, काहीतरी. काही आठवलं नाही. चाळीस तास त्या माणसाच्या चेहऱ्यावर ओणवं बसून काढलेले असणार, आणि एक रेघ आठवत नव्हती.

त्यांनी रमाबाईंना सॉरी म्हटलं नाही. आठवड्यानं या, एवढंच तुसडेपणानं म्हणाले.

चौथ्या कागदावर त्यांनी सुरुवातच गडद तपकिरीनं केली. हाताला ते पटेना. बोटं आपोआप डब्याच्या उजळ कोपऱ्याकडे जात, आणि ते स्वतःच्याच हातावर खेकसत. काळा म्हणजे एक रंग, अशी त्यांची समजूत होती. कपाळाला निळा लागला, गालफडाला भाजल्या विटेसारखा तांबडा, जबड्याखाली चक्क हिरवा. या वयात हे शिकायला लागावं याचा त्यांना भयंकर राग आला आणि त्या रागातच चित्र पुरं झालं. रमाबाईंनी ते बराच वेळ बघितलं.

"हां. ही मी."

मनमोहननी सुस्कारा टाकला. चार दिवसांनी रमाबाई टॅक्सीनं पुन्हा हजर. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कुशाबांची तसबीर त्यांनी टेबलावर ठेवली.

"आता ह्यांचं. एका भिंतीवर शेजारी शेजारी लागणार आम्ही. लोक म्हणतील, म्हातारी मेल्यावर कुणाशेजारी जाऊन बसली?"

"फोटो कुठंय?"

चाळ सोडताना हरवला होता. मनमोहननी कपाळावर हात मारला. फोटोशिवाय नवं चित्र कसं काढणार, आणि जुनं दुरुस्त होत नाही, पेन्सिलीत मेण असतं, घोटून बसलेल्या थरावर दुसरा रंग धरत नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. रमाबाई ऐकून घेत होत्या आणि हलत नव्हत्या. शेवटी, कसं अशक्य आहे ते दाखवायलाच, त्यांनी तसबिरीचे खिळे उपटले, काच बाजूला केली, ब्लेडनं कुशाबांच्या गालावरचं मेण नखभर खरवडलं आणि त्यावर तपकिरी पेन्सिल रेटली.

रंग धरला. सगळ्यात जास्त वैताग त्यांना याचा आला.

"बघितलंत?" उर्मिला दारातून म्हणाली. कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

"अजून," रमाबाई म्हणाल्या. मनमोहननी अजून खरवडलं, अजून चढवलं. पाऊण तासात दोन बोटं गाल काळा झाला. बाकी तोंड साहेबाचंच.

"तांबूस घाला. बॉयलरसमोर भाजून निघायचा तो."

"कुठला तांबूस, काकी? बारा आहेत इथे. मी तुमच्या नवऱ्याला पाहिलेलं नाही."

"पाहिलंत. आठवत नाही म्हणा."

मनमोहननी डबाच त्यांच्या पुढ्यात सरकवला. रमाबाईंनी पदरानं चष्मा पुसला, हात पुढे केला, आणि माझ्याहून दोन घरं काळा, असं पुटपुटत एकेक पेन्सिल आपल्या मनगटाशेजारी धरून बघू लागल्या.