शेणखताच्या गाडीची चाकं

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो आणि तिथे माझ्यापुरता एक नियम होता: रबरी बूट दाराबाहेर काढायचे. हा नियम पुण्याच्या रूममेटने केला होता. तो कॉम्प्युटर सायन्सला होता. नागपूरचा दुसरा रूममेट केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होता. त्याला बुटांचं काही वाटत नसे, पण मी आलो की तो खिडकी मात्र उघडायचा.

"अबे, लोकं अमेरिकेत येऊन रॉकेट करतात अन् तू शेण तोलून राहिला," तो म्हणायचा.

"आणि तेही घोड्यांचं," पुण्याचा.

"घोड्यांचं नाही, गाईंचं. घोडे फक्त गाडी ओढतात," मी सांगत असे.

"हे बरंय. म्हणजे गाईंनी करायचं, घोड्यांनी ओढायचं आणि याने मास्टर्स व्हायचं."

मी हसत असे. ते म्हणत होते ते तसं खोटं नव्हतं. कृषी अभियांत्रिकीत माझा प्रबंध होता तो घोड्यांनी ओढायच्या खतयंत्रावर. शेतात शेणखत पसरणारं हे यंत्र म्हणजे एक लांबट लाकडी गाडी. तिच्या तळाशी साखळी असते आणि साखळीला आडव्या पट्ट्या. घोडे चालू लागले की चाकं फिरतात, चाकांमुळे साखळी सरकते, आणि ती खत हळूहळू मागे ढकलत नेते. मागे दातेरी रूळ फिरत असतात. ते खताचे गोळे फोडून मागे आणि दोन्ही बाजूंना उडवतात. इंजिन कुठेच नाही. जे काही होतं ते चाकाच्या जोरावर.

माझ्या प्रोफेसरांना यातली एकच गोष्ट तपासायची होती. सगळं चाकावर चालत असेल, तर घोडे सावकाश चालोत की भरभर, जमिनीच्या तेवढ्याच पट्ट्यावर तेवढंच खत पडायला हवं. तसं ते खरोखर पडतं का, हे आमच्या विभागात कोणी मोजलेलं नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. मला वाटतं, दुसऱ्या कोणाला ते नको होतं.

मला चालण्यासारखं होतं. आमच्याकडे बैलगाडीने खत रानात नेतात, छोटे छोटे ढीग घालतात आणि मग बायका पाट्या भरून ते हाताने विस्कटतात. माझी आई हे काम आमच्या रानात करायची, दुसऱ्यांच्याही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. अमेरिकेत मी नेमकं काय शिकतो, हे घरी सांगायला मला थोडा वेळ लागला. सांगितलं तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, की तिथेही शेण लागतं का.

यंत्र डोंगरापलीकडच्या खोऱ्यातल्या एका आमिश शेतकऱ्याचं होतं. आमिश लोक वीज वापरत नाहीत, मोटार चालवत नाहीत, शेती घोड्यांवर करतात. हे शेतकरी माझ्या वडिलांच्या वयाचे असतील. दाढी छातीपर्यंत, मिशी मात्र नाही. विभागाचा पिकअप घेऊन मी तिकडे जात असे.

सुरुवातीला मला एक अडचण आली. त्यांच्यात लहानमोठे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. त्यांनी मलाही त्यांचं नाव सांगितलं आणि तेच वापर म्हणाले. ते माझ्या तोंडातून निघेना. 'मिस्टर' म्हटलेलं त्यांना नको होतं आणि काका म्हणावं तर कळणार कोणाला? शेवटी मी त्यांना हाकच मारायची नाही असं ठरवलं. काही सांगायचं असलं की मी वळसा घालून त्यांच्या समोर जाऊन उभा राहायचो. एकदा ते गोठ्यात पाठमोरे काम करत होते आणि मी कितीतरी वेळ मागे नुसता उभा होतो. वळल्यावर ते दचकले.

"तुमच्या देशात माणसांना हाका मारत नाहीत का?" त्यांनी विचारलं.

"मारतात. पण नावाने नाही."

"मग कशाने?"

मी काका, मामा, दादा असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बरीच नाती झाली," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. मी शेवटपर्यंत वळसा घालूनच जात राहिलो.

मका काढून झाल्यावर शरद ऋतूत आम्ही मोजायला सुरुवात केली. पद्धत साधी होती. यंत्राच्या वाटेत आडव्या ओळीत प्लास्टिकचे ट्रे मांडायचे, घोड्यांसाठी आणि चाकांसाठी मधे जागा ठेवायची, यंत्र वरून गेलं की प्रत्येक ट्रेमध्ये पडलेलं खत तोलायचं. मग तेच पुन्हा, वेगळ्या चालीने. पहिल्या दिवशी घोड्यांनी पांढरे ट्रे पाहिले आणि ते तिथेच थांबले. थोराड, तांबूस रंगाचे दोन घोडे, पण पुढे पाऊल टाकेनात. मी थोडा वेळ विचार केला. मग उकिरड्यातलं ओलं शेण घेतलं आणि एकेक ट्रे बाहेरून आतून सारवून काढला, आई अंगण सारवायची तसा, हाताने. ट्रे कोरडे झाल्यावर आधी तोलून ठेवले, म्हणजे सारवणाचं वजन नंतर वजा करता आलं. घोडे मग त्यांच्याकडे न बघता चालत गेले. शेतकऱ्याच्या बायकोने पोर्चवरून हे सगळं पाहिलं होतं. माझे हात धुवायला तिने गरम पाणी आणून दिलं आणि विचारलं,

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली. तरीच काय, ते मला कळलं नाही. तिचा नवरा मात्र हसला.

बर्फ पडेपर्यंत माझी निम्म्याहून जास्त मोजणी झाली. हिवाळ्यात आकडे मांडले. प्रोफेसर खूश होते. उरलेली मोजणी एप्रिलमध्ये, मक्याच्या पेरणीआधी करायची आणि उन्हाळ्यात प्रबंध द्यायचा, असं ठरलं. तसं ठरणं भागही होतं. माझी असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून फी माफ व्हायची ती सोय, उन्हाळ्याअखेर संपत होती. त्यानंतरची फी मला भरता येणार नव्हती. म्हणजे प्रबंध ऑगस्टपर्यंत झाला नाही, तर डिग्री न घेताच परत जायचं.

एप्रिलमध्ये मी गेलो तेव्हा यंत्र शेडसमोर उभं होतं आणि त्याची चाकं बदललेली होती. आधी रबरी टायर होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला असतात तसे. आता पूर्ण लोखंडी चाकं होती, धावेवर आडव्या पट्ट्या जोडलेली, आणि रबरी चाकांपेक्षा बरीच मोठी.

मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"सभा झाली आमची," त्यांनी सांगितलं. त्यांच्या चर्चची वर्षातून दोनदा सभा भरते आणि तिथे कोणत्या गोष्टी चालतील, कोणत्या नाहीत, ते ठरतं. यंत्रांना रबरी टायर आजवर चालवून घेतले होते. या वेळी नको असं ठरलं.

"का?" मी विचारलं.

"रबरी टायर आला की मागोमाग ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टर आला की मुलं शहराकडे जातात." हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगितलं.

माझ्यापुढची अडचण सरळ होती. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. साखळी मात्र चाकाच्या एका फेऱ्याला पूर्वीइतकीच सरकते. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर आता कमी खत पडणार. शरदातले आकडे आणि आताचे आकडे एकत्र करता येणार नव्हते. निम्मी मोजणी एका यंत्राची झाली होती आणि निम्मी दुसऱ्याच यंत्राची होणार होती.

प्रोफेसरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुनी चाकं त्याने टाकून दिलेली नसतील. दोनचार दिवसांसाठी बसवायला सांग. विज्ञानासाठी आहे म्हणावं."

अपार्टमेंटमध्ये परतल्यावर मी हे सांगितलं.

"सिंपल आहे यार. विचारून टाक," पुण्याचा म्हणाला. "नाही म्हटलं तर नाही."

"तो हो म्हणंल, हाच तर प्रॉब्लेम आहे," नागपूरचा म्हणाला. त्याने या वेळी चेष्टा केली नाही.

मलाही तेच वाटत होतं. मी लहान असताना आमच्या आळीतलं एक घर वाळीत टाकलेलं होतं. कशावरून ते मला आजही नीट माहीत नाही, विहिरीचं काहीतरी होतं. त्यांच्याकडे कोणी जात नसे, लग्नाकार्याला बोलवत नसे. आई मागच्या भिंतीवरून त्यांना मीठ, काडेपेटी असलं काही देत असे आणि आम्हाला बाहेर बोलू नका म्हणत असे. आमिश लोकांत नेमकं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण चारचौघांत ठरलेलं मोडून दोन दिवस रबरी चाकांवर शेतात फिरणं म्हणजे काय, याचा अंदाज मला होता. त्यांचं शेत रस्त्याला लागून होतं. शेजारी रोज बग्गीतून तिथून जात.

तरीही विचारायचं ठरवूनच मी गेलो. गाडी चालवताना वाक्य पाठ केलं. ते घोड्यांना खरारा करत होते. मी वळसा घालून समोर गेलो आणि वाक्य आठवेना.

तेच म्हणाले, "तुझ्या प्रोफेसरांना जुनी चाकं हवी असतील."

"हो."

"शेडमध्येच आहेत. बसवायला फार वेळ लागत नाही."

ते थांबले. घोड्याच्या मानेवर त्यांचा हात तसाच होता.

"तू मागितलीस तर मला सभेत जाऊन विचारावं लागेल. लपून करणार नाही."

"मग काय होईल?"

"विचारलं हे लक्षात राहील लोकांच्या." मग ते म्हणाले, "आणि नाही बसवली, तर तुझं काय होईल?"

मी असिस्टंटशिपचं सांगितलं. परत जावं लागेल तेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. मागू नकोस असं ते म्हणाले नाहीत आणि माग असंही म्हणाले नाहीत. हे मला आजही आठवतं. त्यांनी ते माझ्यावर सोडलं.

"नको," मी म्हणालो. "शरदातलं सोडून देतो. आहेत त्या चाकांवर पहिल्यापासून मोजतो. मक्याच्या पेरणीआधी सगळं होईल का?"

त्यांनी उकिरड्याकडे पाहिलं. हिवाळ्यात साठलेलं खत होतं, पण सगळी मोजणी पुन्हा करायची तर ते पुरेल असं दिसत नव्हतं.

"सुरुवात करू," ते म्हणाले.

आम्ही पावसाचे दिवस सोडून रोज मोजत होतो. एरवी ते सवडीने खत टाकत. आता दूध काढून झालं की लगेच घोडे जुंपायचे. मी ट्रे मांडायचो, तोलायचो, पुन्हा मांडायचो. वर्गात जायचो तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मे महिना लागला आणि उकिरडा संपला. भरभर चालीच्या फेऱ्या अजून राहिल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय बाकीच्या मोजणीला काही अर्थ नव्हता. त्या दिवशी मी ट्रे गोळा करून पिकअपमध्ये ठेवले. ते फक्त उद्या ये म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेलो तर अंगणात दोन शेजारी आपापल्या गाड्या भरून आले होते. शेणखत होतं, ताजं. त्यांच्याही गाड्यांची चाकं लोखंडी होती. एकाच्या चाकांचा रंग अजून नवा दिसत होता. ते आपसांत त्यांच्या जर्मन बोलीत बोलत होते आणि माझ्याकडे बघत होते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"हाच का तो शेण तोलणारा, असं विचारतायत."

"सांगा, हो म्हणून."

"ते मी कालच सांगितलं. आज ते म्हणतायत, अमेरिकेत शेण मिळत नाही असं वाटायला नको त्याला."

खत फावड्यांनी आमच्या यंत्रात भरलं. एक शेजारी थांबला आणि त्याने ट्रे मांडायला मदत केली. त्याला सरळ ओळ जमत नव्हती, ती मी मागाहून नीट करत गेलो. दोन दिवसांत भरभर चालीच्या बहुतेक फेऱ्या झाल्या. शेवटी ठेवलेली ओल्या जमिनीतली मोजणी मात्र झालीच नाही, कारण त्यानंतर पाऊस पडला नाही आणि मग पेरणीची वेळ आली. त्यांनी ती एक दिवसही पुढे ढकलली नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

ऑगस्टमध्ये माझी तोंडी परीक्षा झाली. तीन प्राध्यापक होते, त्यातले एक माझे. लोखंडी चाकांवर, कोरड्या जमिनीत, चालीमुळे खताचं प्रमाण फारसं बदलत नाही, असा माझा निष्कर्ष होता. ओल्या जमिनीबद्दल मला काही सांगता येत नव्हतं आणि तसं मी लिहिलं होतं. दुसऱ्या विभागातून आलेले प्राध्यापक पानं उलटत होते.

"शरदातली निम्मी मोजणी तू टाकून दिलीस?"

"हो सर. चाकं बदलली."

"जुनी चाकं हरवली का?"

"नाही. शेडमध्ये होती."

"मग बसवून घेता आली असती."

"आली असती," मी म्हणालो. "मी मागितली नाहीत."

"का?"

मी म्हणालो, "ती बसवली असती तर त्यांना त्यांच्या लोकांपुढे उभं राहावं लागलं असतं. आणि मग ते तिथेच राहिले असते. मी तर निघून जाणार होतो."

माझे प्रोफेसर खिडकीबाहेर पाहत होते. मला कॉरिडॉरमध्ये थांबायला सांगितलं. तिथे भिंतीला टेकून मी उभा राहिलो. आपण हे इंग्रजीत बरोबर बोललो का, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

दार उघडलं आणि प्रोफेसरांनी मला आत बोलावलं. प्रबंध मंजूर झाला होता, एका अटीवर. शीर्षकात नुसतं घोड्यांचं खतयंत्र होतं, तिथे 'लोखंडी चाकांचं' आणि 'कोरड्या जमिनीत' एवढे शब्द घालायचे. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या टाइपरायटरवर शीर्षकाचं पान पुन्हा टाइप केलं. शीर्षक आता लांब झालं होतं, दोन ओळींत बसेना, म्हणून तीन केल्या.