सकाळचं अजून पोटातच

चिखलीहून भावाचा फोन आला, "ताई, आर्या गेली..." आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "डॉक्टरनं नीट पाह्यलं काय?" माझा स्वभावच असा. दूधवाल्याच्या मापापासून सगळीकडे मला काळंबेरं दिसतं. महिना उलटला, त्या प्रश्नाची लाज अजून वाटते.

आर्या माझी भाची, तेरा वर्षांची. सिस्टिक फायब्रोसिस हा तिचा जन्मापासूनचा आजार. छातीत चिकट कफ साठायचा, आणि अन्न पचावं म्हणून प्रत्येक जेवणाबरोबर कॅप्सूल घ्याव्या लागायच्या. माझा डोळा त्या कॅप्सूलवर. एवढं औषध पोटात गेल्यावर भूक मरणार नाही तर काय! वहिनी तिला उगाच आजारी करून ठेवते, असंही वाटायचं. सुट्टीत पोर देऊळघाटला माझ्याकडे आली की दोन घासांत ताट सरकवायची. बाहेरचं खात असेल म्हणून मी तिची पिशवी उलटी केली, तोंडाचा वास घेतला. काही सापडलं नाही, तेव्हा संशय आणखीच वाढला.

"आत्या, सकाळचं अजून पोटातच हाय," ती म्हणायची.

"काऊन खोटं बोलतं वं? दिवस मावळून राह्यला!" असं म्हणत एकदा मी शेजारी बसून तिला अख्खी भाकर खायला लावली. थोड्या वेळात उलटी झाली. तीत सकाळचे पोहे होते. मी डोळ्यांनी पाहिले... तरी मनात आलं, हिनं मुद्दामच घशात बोटं घातली असणार.

पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्यात तिला तपासणीचं खास जेवण देऊन तासातासाने पोटाची चित्रं घेतली. चार तासांनीही बरंचसं तिथंच. या आजारात काही मुलांचं पोट अन्न फार सावकाश पुढे ढकलतं, डॉक्टरांनी सांगितलं. आर्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. माफी मागायला हवी होती, पण एवढ्याशा पोरीपुढे कशी मागायची, म्हणून राहून गेलं. मग छातीतला संसर्ग बळावला आणि वेळच उरला नाही.

तेरवीला तिचं पान मी वाढलं. पुरणपोळी, वडे, भजी, कढी, भात... वहिनी जवळ आली. मला वाटलं, आता ही चूक काढणार. तिने नुसता माझा हात धरला.

"ताई, इतकं नोका वाढू. तिले जात नोहोतं."

मी दुसरं पान घेतलं. पोळीचा चतकोर, चमचाभर भात. सगळ्यांदेखत पानापुढे बसले आणि म्हणाले, "तेवढंही नसन जात त राहू दे माय. माझा इश्वास हाय तुह्यावर."