जन्मनोंदींच्या सुलोचनाताई

सुलोचनाताई कापगते यांच्याशी माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. बपेऱ्याच्या बाजूला, मध्य प्रदेशच्या सीमेवरील एका गावात ताई ग्रामसेविका होत्या. जन्म-मृत्यूच्या नोंदीही त्याच ठेवत. मी त्यांच्याकडे काम शिकायला रुजू झालो, त्या दिवशी ताई सभेसाठी तुमसरला गेल्या होत्या.

दुपारी सुमित्रा नावाची बाई तान्ही मुलगी घेऊन आली. सीमेपलीकडच्या माहेराहून येताना ती जीपमध्येच बाळंत झाली होती. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "जन्म तिकडचा, नोंद तिकडेच होईल."

"तिकडचे म्हणतेत इकडं जा, तुमी म्हणता तिकडं जा," ती रडवेली होऊन म्हणाली. "मंग हे पोरगी जन्मली तं कोठी?"

ती निघून गेली.

ताई परतल्यावर मी हा प्रकार सांगितला. त्या रागावल्या नाहीत. "किती दिवस झाले बाळंतपणाला?" एवढेच विचारले.

"एकोणीस."

साध्या नोंदीची मुदत एकवीस दिवसांची. पुढे परवानग्या आणि हेलपाटे. ताईंनी नियमांचे पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवले. चालत्या वाहनात जन्मलेल्या बाळाची नोंद वाहन प्रथम जिथे थांबेल तिथे करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. "चला, जीपवाला शोधू," त्या म्हणाल्या.

जीपवाला बाजारात भेटला. पोलिसांचे काही लचांड असेल म्हणून तो आधी बोलेचना. ताईंनी त्याला बाजूला घेऊन समजावले, "तुमच्यावर काई येत नाई, भाऊ. पोरगी जन्मल्यावर गाडी पयल्यांदा कोठी थांबली, तेवढंच सांगा."

"थांबलोच नाई, बाई. मागं बायकायचा कालवा होऊन राहिला होता. सीमेच्या पुलावरही थांबलो नाई. सीदा तुमच्या गावच्या दवाखान्यासमोर बिरेक मारला."

त्याचे निवेदन तिथेच लिहून घेतले आणि आम्ही सुमित्राच्या घरी गेलो. ताई तिला म्हणाल्या, "तुझी पोरगी आपल्याच गावची हाये." तिने मुलगी उचलून ताईंच्या मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मुदतीत नोंद झाली. नावाचा रकाना रिकामा होता. बारशानंतर ताई स्वतः जाऊन नाव विचारून आल्या. लिहिताना मी जवळच होतो: ममता.

त्या काळात देशभर जन्मनोंदणी वाढू लागली होती. बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागली, तशा नोंदी आपोआप येऊ लागल्या. वरून येणारे अहवाल ताई मन लावून वाचत आणि म्हणत, "वाढलेल्या नोंदींचा आनंद आहेच. पण घरी जन्मलेली जी मुलं राहिली असतील, ती आपण शोधायची." म्हणून धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या बांधांवर जात आणि बायकांकडून कोणाच्या घरी पाळणा हलला ते काढून घेत.

त्यांची माया मी घरच्यासारखी अनुभवली. माझी मुलगी तिच्या आजोळी, पवनीला जन्मली. पेढे देताच ताईंनी विचारले, "नोंद केली का?" मी मान खाली घातली. "लोकायच्या पोरींच्या नोंदी करून राहिले अन् सोताची पोरगी राहिली!" त्या हसल्या. माझ्या रजेचा अर्ज त्यांनीच समोर ठेवला आणि लेकीसाठी हाताने शिवलेली दुपटी माझ्या पिशवीत भरली.

या गौरवग्रंथासाठी समितीने ताईंची जन्मतारीख मागितली, तेव्हा मी लाखांदूरला त्यांच्या घरी गेलो. ताई संकोचून म्हणाल्या, "शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजानं टाकली होती. माझ्या जन्माची नोंदच नाही. आई सांगायची, धान कापणीला आलं होतं, एवढंच."

म्हणून ताई, पंच्याहत्तरीचा हा सोहळा आम्ही शाळेच्या तारखेला करत असलो, तरी यापुढे दरवर्षी धान कापणीला आले की आम्ही सारे तुमच्या दारी येऊ. तुम्ही धडधाकट असावे, दार उघडायला स्वतः यावे आणि आमची ही रीत पुष्कळ वर्षे चालावी.