टॅकेटांच्या घरात नारिंगी चालत नाही

हर्शेल टॅकेटच्या घरात गाजर शिजत नसे. संत्र्याचा रस आणलाच तर त्याची बायको ओपल तो आधी दुधाच्या पांढऱ्या बरणीत ओतायची आणि मगच टेबलावर ठेवायची. ऑक्टोबरअखेर गावभर दारोदारी भोपळे मांडतात, तसे टॅकेटांच्या पायरीवरही असत, पण हिरव्या रंगात बुडवून काढलेले. कारण नारिंगी हा मार्लो कॉलेजचा रंग. मार्लो नदीपलीकडे, आपलं कॅल्डर कॉलेज अलीकडे, हिरवं. चांगल्या घरात मार्लोचं नावसुद्धा जेवताना काढत नाहीत.

आता गंमत अशी, की हर्शेलने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. जन्मभर काउंटीच्या रस्त्यांवर खडी टाकली, डांबर ओतलं, पडलेली झाडं उचलली. पण 'आपलं कॅल्डर' म्हणताना त्याची छाती अशी फुगायची, की जणू पहिली वीट यानेच रचली. फुटबॉलच्या हंगामातल्या प्रत्येक शनिवारी तो पहाटे ट्रक काढायचा, मैदानाबाहेरच्या ठरलेल्या झाडाखाली लावायचा आणि डुकराचं मांस मंद धुरावर ठेवायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला पावात घालून द्यायचा. ओळख असो नसो, अंगात हिरवं असलं म्हणजे झालं.

आणि मग ते मैदान! डोंगराच्या कुशीत कोरलेलं. सगळ्या काउंटीत माणसं नसतील तेवढी एका दुपारी तिथे बसतात. सामन्याआधी बँड वरच्या उतारावरून खाली येतो. आधी ढोल, मग पितळी वाद्यं. पहिला ढोल घुमला की हर्शेल टोपी काढायचा. पायाखालचं काँक्रीट थरथरायचं, बरगड्यांत धडधडायचं, आणि इतकी वर्षं झाली तरी त्याचे डोळे भरून यायचे. एकदा तो पाद्रीबुवांना म्हणाला, "पास्टर, चर्चमध्ये लहानपणापासून येतोय, पण अंगावर काटा येतो तो इथेच."

पाद्रीबुवा त्याच रांगेत बसले होते. म्हणाले, "हळू बोल रे बाबा. माझंही तेच आहे."

त्या वर्षी हंगाम आणि निवडणूक एकत्र आली, आणि हर्शेलची मुलगी ट्विला उभी राहिली. ट्विला शिकून इंजिनियर झालेली, बरीच वर्षं परमुलखात पूल बांधून परत आलेली. काउंटीच्या रस्त्यांचा प्रमुख निवडून द्यायचा होता. समोर रॉइस स्टॅम्पर, खुर्चीला चिकटून बसलेला जुना माणूस. त्याच्या पाट्या हिरव्यागार. आमच्याकडे निवडणुकीत प्रत्येक अंगणात नावाची पाटी रोवतात. कुणाची आहे आणि कुणाची नाही, यावर शेजारणींची बोलणी बंद होतात.

हर्शेलला तर काय, दोन हंगाम एकदम लागले! शनिवारी सामना, बाकीचे दिवस प्रचार. घरोघरी फिरून, कुत्री चुकवून, "माझी पोरगी आहे, तिला मत द्या," असं सांगून त्याचा घसा बसला. पाट्या छापून आल्याचं कळलं तसा तो धावतच ट्विलाच्या ट्रकपाशी गेला. खोकं फाडलं.

"हा कुठला रंग?"

"लांबून दिसतो, डॅडी. रस्त्याच्या कामाचा रंग ना!"

"अगं बये, मार्लोचा रंग आहे तो!"

ट्विलाने कपाळावर हात मारला. खरंच तिच्या डोक्यात आलं नव्हतं. या गावात जन्मलेल्या माणसाकडून अशी चूक व्हावी, हे हर्शेलच्या पचनी पडेना. पाट्या तर सगळ्या छापून झालेल्या.

"तुला मत देईन. तुझ्यासाठी अनवाणी फिरेन," तो म्हणाला. "पण ही माझ्या अंगणात लागणार नाही. टॅकेटांच्या घरात नारिंगी चालत नाही."

"आणि तुमचं जाकीट? जन्मभर घातलंत ते?"

"ते नारिंगी नाही. ते कामाचं जाकीट आहे."

ट्विला हसली नाही. म्हणाली, "ज्या वर्षी तुमच्या टोळीतल्या ल्यूथरकाकांना काम करताना रस्त्यावर गाडीने उडवलं, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी खिडकीत बसायचे. आई चुलीपाशी असायची, पण कान माझ्याकडे. वळणावर नारिंगी ठिपका दिसला की मी ओरडायचे, 'आले! डॅडी आले!' मग ती वाढायला घ्यायची. मला हा रंग बघून मार्लो कधी आठवलाच नाही हो. तुम्हीच आठवलात."

तिने खोकं उचललं आणि ती गेली. हर्शेल अंगणात उभाच राहिला. जाकीट तो कधी घरात आणत नसे. वळणावरून आल्यावर फाटकातच काढून ट्रकच्या सीटखाली कोंबायचा. खिडकीत कुणी बसत असेल, हे त्याला माहीतच नव्हतं.

पण हट्ट तो हट्ट. पाटी काही लागली नाही. आणि गावाला तेवढंच हवं होतं. "काय रे हर्शेल, पोरगी मार्लोला दिलीस काय?" असं चेष्टेत सुरू झालं, ते "बापाच्याच अंगणात पाटी नाही, मग आपण कशाला मत द्यायचं?" इथवर गेलं. स्टॅम्पर न्याहारीच्या टपरीवर कॉफी ढवळत म्हणायचा, "मी कुठे काय बोलतोय? पाट्याच बोलतायत."  ट्विला बापाकडे रविवारी जेवायला आली नाही.

मतदानाआधीचा शनिवार उजाडला. सामना मार्लोशी. हर्शेलने हिरवा स्वेटर घातला, ट्रकपाशी गेला, सीटखाली हात घातला आणि जाकीट काढून झटकलं. डांबराचे डाग पडलेलं, विटलेलं, पण नारिंगीच. ते त्याने स्वेटरवर चढवलं.

ओपल दारात आली. "हर्शेल, ताप आलाय का तुला?"

"नाही."

 ती जवळ आली आणि म्हणाली, "चेन तरी नीट लाव. वेंधळाच राहिलास."

मैदानात हिरव्या समुद्रात हा एक ठिपका. लोकांनी शेंगांची टरफलं मारली. शेजारच्या जागेवर वेंडेल. या दोघांनी एका थर्मासमधून कॉफी पिण्यात अर्धं आयुष्य घालवलेलं. वेंडेलच्या छातीवर स्टॅम्परचा बिल्ला.

"बाजू चुकलास का? मार्लोवाले पलीकडे बसतात."

"कामाचं जाकीट आहे."

"आज सुट्टी आहे."

"माझ्या पोरीला नाही," हर्शेल म्हणाला.

वेंडेलने थर्मास आपल्या बाजूला ओढून घेतला. "ऐक. आज हरलो ना, तर ते तुझ्यामुळे, असं सगळं गाव म्हणेल. मग मंगळवारी मतदानात तुझी पोरगी संपली म्हणून समज."

हे काय हर्शेलला कळत नव्हतं? पण जाकीट त्याने काढलं नाही. ढोल घुमले, त्याने टोपी काढली, आणि कॅल्डरसाठी प्रार्थना करताना पहिल्यांदाच त्याच्या ओठांवर मुलीचं नाव आलं.

हरले. शेवटच्या क्षणाला मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. एवढं मोठं मैदान, पण खोकल्याचा आवाज ऐकू यावा इतकं शांत झालं. कुणी त्याला शिवी दिली नाही. सगळे नुसते जाकिटाकडे बघत बाहेर पडले, आणि ते जास्त लागलं.

दिवस मावळत होता. ओढ्याच्या पुलाशी चार रस्ते मिळतात, तिथला सिग्नल बंद पडला होता. पोलीस मैदानाच्या दुसऱ्या फाटकाशी अडकलेले. चारी बाजूंनी गाड्या घुसलेल्या. हिरवे झेंडे, नारिंगी झेंडे, भोंगे, आयाबहिणींचा उद्धार. दोघेजण बाह्या सारून खाली उतरले होते. हर्शेलही त्याच गर्दीत होता. त्याने ट्रक कडेला लावला. विचार असा काही केलाच नाही. पाय आपोआप निघाले, जसे जन्मभर निघायचे.

तो चौकाच्या मधोमध उभा राहिला आणि हात वर केला.

आणि थांबले. सगळे! हिरवे थांबले, नारिंगी थांबले, बाह्या सारलेले दोघे मुकाट गाडीत बसले. भोंगे एकेक करून बंद झाले. हर्शेलने मान वर केली. डोंगरावरच्या मैदानापर्यंत दिवेच दिवे, ओळीने, वळणावळणाने, आणि सगळे त्याच्या एका पंजापुढे उभे. ज्या गर्दीपुढे तो आयुष्यभर टोपी काढत आला, ती अख्खी गर्दी त्याच्या हाताकडे बघत होती. जाकिटाचा रंग कुणाचा, हे एकानेही विचारलं नाही. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

वेंडेलने काच खाली केली. "सोड की रे मला, हर्शेल."

"थांब."

"बरं बाबा," वेंडेल म्हणाला, आणि खरंच थांबला.

मंगळवारी ट्विला निवडून आली, अगदी काठावर. वेंडेल म्हणतो, जाकिटाने आणली. टपरीवरचे म्हणतात, तो बंद सिग्नल कुणाच्या खात्यात येत होता, ते स्टॅम्परला विचारा. पण ते सगळं नंतरचं.

त्या शनिवारी संध्याकाळी ट्विला प्रचाराची शेवटची सभा आटोपून गावाकडे येत होती. ट्रकमध्ये मागे उरलेल्या नारिंगी पाट्या. वळण घेतलं आणि तिला लांबवर, दिव्यांच्या मधोमध, तो ठिपका दिसला. पुलाशी पोचेपर्यंत तिला पुढचं नीट दिसेनासं झालं होतं. तिने काच खाली केली.

"डॅडी."

"थांब. तुझी पाळी नाही अजून."

"थांबते." तिने नाक पुसलं. "घरी कधी येणार?"

हर्शेलने हात खाली न घेता मागे वळून त्या दिव्यांच्या रांगेकडे बघितलं.

"आईला वाढायला घ्यायला सांग," तो म्हणाला. "एवढ्या सगळ्यांना घरी पाठवलं, की आलोच."